मलेरियाच्या गोळ्या अन् माला-डी एकाच वेळी चालू असल्या तर काय करायचं

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगून टाकते. मलेरिया निघाला म्हणून गर्भनिरोधक गोळी बंद करू नका, दोन्ही सोबत चालतात. फक्त मलेरियाच्या गोळ्यांच्या पत्त्यावर (म्हणजे स्ट्रिपवर) 'आर्टेमेथर' असं नाव छापलं असेल तर महिनाभर निरोध (कंडोम) पण वापरायचा, अन् उलट्या होत असतील तर औषध कोणतंही असो, निरोध वापरायचाच. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून पळा, बाकीच्यांना नीट समजावून सांगते, लांब आहे पण कामाचं आहे.

मी नागपुरात मेडिकल चौकाच्या बाजूला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते, फार्मासिस्ट आहे, सोळा वर्षं झाली. जुलै लागला की दिवाळीपर्यंत तापाचे पेशंट चालूच राहतात, डेंगू, टायफॉइड, मलेरिया, अन् आमच्याकडे नुसते नागपूरचेच येत नाहीत, गडचिरोलीतल्या धानोरा एटापल्ली भामरागडकडचे लोक पण मेडिकल नाहीतर मेयोत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, भरती होतात मग सुट्टी झाली की चिठ्ठी घेऊन काउंटरवर येतात. गडचिरोलीचा मलेरिया म्हणजे बहुतेक वेळा फाल्सिपेरम, म्हणजे तोच ज्याला लोक मेंदूचा मलेरिया म्हणतात, त्यामुळं औषधं पण वेगळी.

मागच्या एका सप्टेंबरात, महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी, एक ताई आल्या सासूबाईंसोबत. चिठ्ठीवर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन सहा गोळ्या, पॅरासिटामॉल, अन् एक ॲसिडिटीची. मी नेहमीसारखं विचारलं, ताई अजून कोणती गोळी चालू आहे का? नाही म्हणाल्या. शुगर-बीपी? नाही. मी पत्ता कापून पिशवीत टाकत होते तेवढ्यात सासूबाई बाजूच्या दुकानात नारळ बघायला सरकल्या अन् ताईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून माला-डीचा अर्धा संपलेला पत्ता काढून काउंटरवर ठेवला, त्यावर हात तसाच झाकून. हळूच म्हणाल्या, "मॅडम, ही पण गोळीत येते का?"

आता यावर हसायचं की रडायचं. पण खरं सांगू का, चूक त्यांची नव्हती. डॉक्टरनी विचारलं होतं "काही आजार आहे का, काही औषध चालू आहे का", अन् मुलं न होण्याची गोळी हा काही आजार नाही, मग ते औषध कसं होईल? रोज खाताना ते औषध वाटतच नाही, ब्रश केल्यासारखं होऊन जातं. म्हणून पहिलं काम हे, आपल्या अंगात हार्मोनची कोणकोणती वस्तू जाऊन राहिली ते आठवायचं.

माला-एन अन् माला-डी एकच आहेत, एक सरकारी फुकटची अन् दुसरी विकतची. पत्त्यात 21 पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या (लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम अन् इथिनिल इस्ट्राडायोल 0.03 मिलिग्रॅम) अन् 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या, त्यात हार्मोन अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. प्रायव्हेटच्या महागड्या पत्त्यांमधे हार्मोनचं नाव बदलतं पण जात तीच. मग पीसीओडीची गोळी. कॉलेजच्या मुली, हॉस्टेलवर राहणाऱ्या, लग्न झालेलं नाही, त्यांना स्वप्नातही वाटत नाही की आपण गर्भनिरोधक खातोय, पण पाळी रेग्युलर करायला दिलेली ती 21 गोळ्यांची स्ट्रिप बहुतेक वेळा हीच असते. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन हार्मोनचं. ते संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी, ती पण हार्मोनची.

अन् एक आपल्याकडची खास, पाळी पुढं ढकलायची गोळी. गणपती-महालक्ष्म्या आले की आमच्याकडे या गोळीची जी लाईन लागते बाप्पा! अन् नेमका तोच मलेरियाचा सीझन. ही गोळी नॉरएथिस्टेरॉनची असते, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, हार्मोनच आहे, पण ती अशी चार-आठ दिवस खाल्ली म्हणून गर्भ राहणार नाही असं समजू नका, ती त्यासाठी नाहीच. खूप जणींचा हा गैरसमज आहे. ताप आला असेल तर ही गोळी चालू आहे हे पण डॉक्टरला सांगा.

ज्यांची तांबी बसवलेली आहे, म्हणजे कॉपर-टी, त्यांनी निवांत राहा, तिच्यात औषध नाही, तांबं आहे, मलेरियाचं कोणतंही औषध तिला हात लावत नाही. छाया (जुन्या बायका सहेली म्हणतात, लखनौच्या सीडीआरआयमधे शोधलेली) ही पण हार्मोनची गोळी नाही, पण पोटातून जाते, म्हणून उलटीचा नियम तिलाही लागू.

दुसरं काम, मलेरियाच्या पत्त्यावरचं नाव वाचा. ब्रँडचं मोठं नाव नाही, त्याच्या खाली बारीक अक्षरात जे असतं ते. नाही वाचता आलं तर मोबाईलमधे फोटो काढून मोठा करून बघा नाहीतर काउंटरवर विचारा, आम्ही त्यासाठीच बसलोय.

व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, निघाला तर क्लोरोक्विन मिळते, मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन, अन् सोबत प्रायमाक्विन 14 दिवस. या दोघांचं गर्भनिरोधक गोळीशी भांडण नाही, क्लोरोक्विन अन् प्रायमाक्विन घेऊन बायकांच्या रक्तातलं हार्मोन मोजून पाहिलंय, काही फरक पडत नाही. क्विनाइनचंही तसंच. म्हणजे व्हायवॅक्सवाल्यांना औषधामुळं निरोधाची गरज नाही. उलट्या मात्र क्लोरोक्विननं पण होतात, विशेषतः उपाशीपोटी घेतली तर, पोटात काही तरी असू द्या, वरण-भात नाहीतर दोन पोळ्या.

फाल्सिपेरम निघाला तर दोन औषधांची जोडी देतात. सरकारी दवाखान्यातून वर्षानुवर्षं आर्टेसुनेट अन् सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचं पॅकेट देत आले, वयाप्रमाणे रंग असतो, मोठ्या माणसाचं पांढरं, तीन दिवसांचं, अन् सोबत प्रायमाक्विनचा एकच मोठा डोस. प्रायव्हेटमधे अन् काही ठिकाणी सरकारीत पण आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देतात, पिवळ्या गोळ्या असतात बहुतेक वेळा. अन् हा सगळा लेख या पिवळ्या गोळ्यांसाठीच आहे खरं तर.

काहून? ते असं. आपण जी हार्मोनची गोळी खातो ती लिव्हरमधे जाऊन हळूहळू मोडली जाते, ते काम करणारी जी एन्झाइम आहेत त्यांना आपण हमाल समजू. कळमना मार्केटात ट्रक लागला की चार हमाल असतील तर माल दुपारपर्यंत पडून राहतो, अन् दहा हमाल लावले तर तासाभरात ट्रक खाली. काही औषधं लिव्हरला सांगतात की हमाल वाढव. मग हार्मोनचा माल रक्तातून लवकर उचलला जातो, अन् रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरायची ती आधीच पातळ पडते. आर्टेमेथर हे असं औषध आहे, पण लहान ठेकेदार, दोन-चार हमाल वाढवणारं. खरा मोठा ठेकेदार म्हणजे टीबीचं रिफाम्पिसिन, ते सगळं मार्केटच भरून टाकतं, त्याच्यासोबत माला-डीवर भरवसा ठेवायचाच नाही, ते चालू आहे तोवर अन् बंद झाल्यावर आणखी चार आठवडे दुसरा उपाय. टीबीची औषधं चालू असलेल्या बायका हे वाचत असतील तर मलेरियाचं सोडा, आधी याबद्दल डॉक्टरशी बोला.

आर्टेमेथरवर परत येते. प्रयोगशाळेत पेशींवर बघितलं तेव्हा इथिनिल इस्ट्राडायोल अन् लेव्होनॉरजेस्ट्रेल मोडायचा वेग या औषधानं वाढला नाही. पण माणसांमधे ते हे एन्झाइम थोडं वाढवतं असं दिसलंय. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात सावधगिरीची ओळ छापलेली असते, की हार्मोनच्या गर्भनिरोधकाचा परिणाम कमी होऊ शकतो, सोबत बिगर-हार्मोनचा दुसरा उपाय वापरा, अन् युरोपातल्या पत्रकात मुदतही दिली आहे, साधारण एक महिना. 'होऊ शकतो' म्हटलंय, 'होतो' नाही म्हटलं. मला विचाराल तर भीतीचं कारण नाही पण निरोधाचं पाकीट किती रुपयांचं येतं अन् नको असताना दिवस गेले तर काय होतं, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

महिनाभर काहून, औषध तर तीनच दिवसांचं? कारण ट्रक गेला तरी लावलेले हमाल लगेच घरी जात नाहीत, एन्झाइम पूर्वीसारखं व्हायला वेळ लागतो.

आर्टेसुनेटच्या सरकारी पॅकेटचं विचारतात लोक. हमाल वाढवायची तक्रार आर्टेमेथरइतकी याची नाही. पण खानदान एकच आहे, म्हणून मी काउंटरवर याच्यासोबत पण पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरा असंच सांगते, ही माझी पद्धत. अन् याच पॅकेटबद्दल एक दुसरीच गोष्ट, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनसोबत फॉलिक ॲसिडची 5 मिलिग्रॅमची गोळी नको, ती या औषधाचं काम मारते. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की 5 मिलिग्रॅमची फॉलिक देऊन मोकळे होतात. ती चालू असेल तर सांगा.

आता आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन प्रत्यक्ष घ्यायची कशी. 80/480 ची गोळी असेल तर एका वेळी एक, एकूण सहा डोस. पहिला डोस घेतला की बरोबर 8 तासांनी दुसरा, अन् मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दुपारी 2 ला पहिली घेतली तर रात्री 10 ला दुसरी, झोपू नका, अलार्म लावा. प्रत्येक वेळी स्निग्ध काहीतरी सोबत पाहिजे, एक कप दूध, तूप लावलेली पोळी, तर्री चालणार नाही हो, तापात पोट बिघडेल. ल्युमेफॅन्ट्रिन चरबीशिवाय नीट शोषलंच जात नाही, कोरड्या तोंडानं पाण्यासोबत घेतली तर पैसे वाया अन् ताप परत. गोळी घेऊन तासाभरात उलटली तर तो डोस परत घ्यावा लागतो, म्हणजे पत्त्यातली एक गोळी कमी पडते, दुकानात या, आम्ही सुटी देतो पण चिठ्ठी आणा.

अन् माला-डी तुम्ही रोज रात्री जेवणानंतर घेता ना? तशीच घेत राहा. दोघींमधे अंतर ठेवायची गरज नाही. खूप जणी विचारतात की दोन तासांचं अंतर ठेवलं तर चालेल का मग निरोध नको ना. नाही हो, भांडण पोटात नाही, लिव्हरमधे आहे, तिथं वेळेचं अंतर काही कामाचं नाही.

आता उलट्यांचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहून राहिली कारण माझ्या इतक्या वर्षांच्या काउंटरवर 'गोळी चालू असताना दिवस गेले' म्हणून ज्या रडत आल्या त्यांच्यात हमालांची गोष्ट एखादीचीच असेल, बाकी सगळ्या उलटी अन् विसरणं यातल्या. मलेरियाच्या तापात हुडहुडी भरते, अंगावर तीन-तीन ब्लँकेट, मग घाम, मग गुंगी, कोणाला लक्षात राहतं रात्रीची गोळी घेतली की नाही? दवाखान्यात भरती असाल तर माला-डीचा पत्ता घरी कपाटात, अन् नवऱ्याला सांगायचं म्हटलं तर वॉर्डात आठ नातेवाईक उभे.

तर नियम असा. हार्मोनची गोळी घेऊन दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही समजा, पत्त्यातली दुसरी पांढरी गोळी घ्या. पत्ता मग एक दिवस आधी संपेल, संपू द्या. उलटी नाहीतर पातळ जुलाब 24 तासांच्या वर चालले तर जितके दिवस चालले तितक्या गोळ्या चुकल्या असं धरा, गोळी रोज खाल्ली असली तरी.

एकच गोळी चुकली असेल तर आठवली की लगेच घ्या, त्या दिवसाची वेळेवर घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. काही होत नाही. दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्या, त्याआधीच्या राहू द्या, पुढं रोज चालू ठेवा अन् सलग 7 दिवस निरोध. यात एक गंमत आहे जी पत्त्यामागे वाचून कोणाला समजत नाही. पत्त्यात पांढऱ्या गोळ्या सातपेक्षा कमी उरल्या असतील, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात चुकल्या असतील, तर पांढऱ्या संपवून तपकिरी गोळ्या न खाता सरळ नवीन पत्ता सुरू करायचा. कारण तपकिरीचे सात दिवस म्हणजे हार्मोनची सुट्टी, अन् सुट्टीला जोडून आणखी दांड्या मारल्या तर अंडाशय जागं होतं. शाळेतल्या पोरांसारखं आहे, शनिवार-रविवारला जोडून सोमवारी पण सुट्टी मिळाली की मंगळवारी कोण येतं! पहिल्या आठवड्यात चुकल्या असतील तर ते सगळ्यात धोक्याचं, त्या मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीची गोळी घ्यायची की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरला विचारा.

तातडीच्या गोळीचं पण सांगते. ती 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पण ती पण हार्मोनच, तिला पण तोच लिव्हर अन् तेच हमाल. आर्टेमेथर चालू असताना निरोध फाटला वगैरे असं झालं अन् मनाची खात्री पाहिजे असेल तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा सगळ्यात पक्का उपाय आहे, कोणतंही औषध तिच्या आड येत नाही अन् पुढची वर्षं पण सुटलात. नागपुरात डागामधे (बायकांचा सरकारी दवाखाना) किंवा कोणत्याही सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. तापानं फणफणलेल्या बाईला तांबीचं सांगणं म्हणजे जरा अतीच वाटतं मला माहीत आहे, पण माहीत असावं.

उलटी थांबायची गोळी मात्र मनानं घेऊ नका. सगळ्यांच्या घरात ऑनडॅनसेट्रॉन पडलेली असते लेकरांसाठी आणलेली. ती अन् ल्युमेफॅन्ट्रिन, दोन्ही हृदयाच्या ठोक्याच्या लयीवर परिणाम करू शकणारी, डॉक्टरला विचारून घ्या, ते दुसरी देतील.

अंतरावाल्यांनी जास्त ताण घेऊ नये. ते 150 मिलिग्रॅमचं इंजेक्शन तीन महिन्यांसाठी असतं, उलटीचा प्रश्नच नाही, अन् रिफाम्पिसिनसारख्या मोठ्या ठेकेदारासमोर पण जागतिक आरोग्य संघटना अंतराला बंदी घालत नाही. माहितीपत्रक मात्र सगळ्या हार्मोनना एकाच ओळीत बसवतं. तुमची इंजेक्शनची तारीख जवळ आली असेल किंवा उलटून गेली असेल तर ती तारीख हाच तुमचा खरा धोका आहे, ताप उतरल्यावर आधी आशाताईंना फोन करा. बाकी मलेरिया झाला म्हणून कोणतंही गर्भनिरोधक सोडायची गरज नाही, आजार म्हणून मलेरियाची आडकाठी एकालाही नाही.

आता प्रायमाक्विन. याचं गोळीशी भांडण नाही म्हटलं मी वर, पण गर्भाशी आहे. दिवस गेलेल्या बाईला प्रायमाक्विन देतच नाहीत. म्हणून ज्यांची पाळी चुकली आहे, गोळ्या मागेपुढे झाल्या आहेत, त्यांनी प्रायमाक्विन तोंडात टाकायच्या आधी लघवीची तपासणी करा, आशाताईंकडे निश्चय किट फुकट मिळते, दुकानात पण स्वस्त आहे, पाच मिनिटांचं काम. शिवाय जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम काही लोकांच्या रक्तात जन्मतः कमी असतं, आदिवासी समाजात जरा जास्त दिसतं, त्यांना प्रायमाक्विननं रक्तपेशी फुटतात. गोळी घेतल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला, तर गोळी बंद अन् तडक दवाखाना, सकाळची वाट बघू नका. अंगावर पाजणाऱ्या आईनं पण बाळाचं वय सांगूनच ही गोळी घ्यावी.

आता माझी चूक. किती वर्षं मी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची की ही अँटिबायोटिक आहे, गोळी फेल होईल, निरोध वापरा. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. नंतर कळलं की ते जुनं झालंय, डॉक्सिसायक्लिन हमाल वाढवत नाही, ब्रिटनच्या तज्ज्ञांनी 2011 मधेच हा नियम काढून टाकला. उलट्या-जुलाब झाले तरच निरोध, एरवी नाही. किती जणींना उगाच घाबरवलं असेन कोण जाणे.

डॉक्सिसायक्लिन मलेरिया होऊ नये म्हणून पण देतात. गडचिरोलीत सहा आठवड्यांपेक्षा कमी दिवसांची ड्युटी असेल, ट्रेनिंग असेल, तर रोज 100 मिलिग्रॅम, जायच्या दोन दिवस आधी सुरू अन् परत आल्यावर चार आठवडे. जास्त दिवस राहायचं असेल तर मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा, तिचंही माला-डीशी भांडण नाही. आता पोलिसात मुली भरपूर आहेत, त्या विचारायला येतात, अन् त्यांना मी एक गोष्ट सांगते जी चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही. आठवतात माला-डीच्या त्या सात तपकिरी गोळ्या? त्यात लोह आहे. लोह अन् डॉक्सिसायक्लिन पोटात एकमेकांना चिकटून बसतात अन् डॉक्सिसायक्लिन नीट शोषलं जात नाही. म्हणजे इथं गोष्ट उलटी आहे, गर्भनिरोधक पत्ता मलेरियाच्या औषधाला मारतो, अन् महिन्यातून सात दिवस तुम्ही जंगलात बिनकवचाच्या. कमीत कमी तीन तासांचं अंतर ठेवा, सकाळी एक अन् रात्री एक, किंवा ड्युटीपुरत्या तपकिरी खाऊच नका, त्यांचं काम लोह देणं अन् दिवस मोजायची सवय राखणं एवढंच, गर्भ थांबवायचं काम त्या करत नाहीत. फक्त दिवस मोजत राहा, आठव्या दिवशी नवीन पत्ता. दूध अन् ॲसिडिटीच्या गोळीचं पण तसंच, त्या वेळी डॉक्सिसायक्लिन नको. अन् ती भरपूर पाण्यासोबत बसून घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, छातीत अशी आग होते की हार्ट अटॅक वाटतो. उन्हात चेहरा काळवंडतो ते वेगळंच. दिवस गेलेल्या बाईला डॉक्सिसायक्लिन पण चालत नाही.

राहिलं डॉक्टरला सांगायचं. मला माहीत आहे ओपीडीत काय असतं, बाजूला सासू, मागं लाईन, डॉक्टर मान वर करत नाही. त्याला माझा उपाय साधा आहे. घरून निघतानाच तुम्ही घेता त्या पत्त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमधे काढून ठेवा, जिथं औषधाचं नाव अन् प्रमाण छापलेलं असतं, अन् डॉक्टरसमोर मोबाईल नुसता धरा. तोंडानं एक शब्द बोलायची गरज नाही. नाहीतर केसपेपरच्या कोपऱ्यात पेनानं 'माला-डी चालू' एवढं लिहा. सिस्टरला सांगितलं तरी चालतं, ती डॉक्टरपर्यंत पोचवते. अन् दुकानात आलात तर अण्णा-भाऊ काउंटरवर असतील तर थांबा, मॅडम कुठं आहेत विचारा, बहुतेक दुकानात एक तरी बाई असते आता.

त्या ताईंना मी त्या दिवशी पिशवीत सहा पिवळ्या गोळ्यांखाली निरोधाचं पाकीट टाकून वरून पॅरासिटामॉल ठेवलं अन् बिलावर 'सर्जिकल' लिहिलं. सासूबाई नारळ घेऊन परत आल्या, बिल बघितलं, "एवढं सर्जिकल काय आहे?" म्हणे. पट्टी आहे काकू म्हटलं.

शेवटचं, पाळीचं. या सगळ्या धांदलीत मधेच थेंब-थेंब जाऊ शकतं, आर्टेमेथरमुळं असो की चुकलेल्या गोळ्यांमुळं, त्यानं घाबरून पत्ता सोडू नका. तपकिरी गोळ्या संपल्या तरी पाळी आली नाही तर नवीन पत्ता वेळेवर सुरू करा अन् सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करा. निगेटिव्ह आली अन् शंका असेल तर शेवटच्या बिननिरोध संबंधाला तीन आठवडे झाल्यावर परत एकदा. पॉझिटिव्ह आली तर गर्भनिरोधक गोळी थांबवा, प्रायमाक्विन अन् डॉक्सिसायक्लिन पण थांबवा, बाकी मलेरियाचा कोर्स चालू असेल तर तो मात्र मनानं थांबवू नका, कारण दिवसांत मलेरिया अंगावर काढणं औषधापेक्षा जास्त घातक, आईला रक्त कमी पडतं अन् गर्भ पडू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सगळे रिकामे पत्ते सोबत न्या, कोणती गोळी कोणत्या तारखेला घेतली ते सांगा. दिवस गेल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत पण आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन द्यायला जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मधे परवानगी दिली आहे, म्हणजे ती गोळी चुकून खाल्ली गेली म्हणून बाळ वाईटच होईल असं कोणाच्या सांगण्यावरून ठरवून बसू नका.